पाचवा माणूस

निजामाच्या राज्यात मी एका तालुकदार साहेबांचा अर्दली होतो. साहेब दौऱ्यावर निघाले की प्रत्येक मुक्कामावरून हलायच्या आधी मी सामान वाहायला गावातली माणसं वेठीला धरायचो. हुकूम चार माणसांचा असायचा, मी पाच धरायचो. पाचवा माझं गाठोडं वाहायला. साहेबांच्या घोड्यामागून डोक्यावर ओझं घेऊन चालणं मला कमीपणाचं वाटे. पाच वर्षं मी हे केलं.

त्या खेपेला तेलगावाहून धारूरला जायचं होतं. चौघं मिळाल्यावर मी रानातून एक धनगर उठवला. त्याच्या मेंढ्या व्यायला आल्या होत्या. बायको एकटी आहे, लांडगा दिवसाही येतो, आज सोडा, असं तो विनवत होता. साहेबांचा हुकूम आहे, असं मी सांगितलं.

अर्ध्या घाटात साहेब पाणी प्यायला उतरले. धनगरानं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून उघडलं. आतून माझं धोतर, चिलीम आणि गुऱ्हाळातून फुकट उचललेली गुळाची ढेप निघाली.

"सायबाचं सामान हाय म्हनलास नव्हं? हे तर तुजं हाय बे," तो म्हणाला. "तुजं मी वाहत न्हाई."

चौघांतला एक म्हणाला, ढेप लई थकली असेल, तिला घोड्यावर बसवा. सगळे हसले. धनगर वळला आणि घाट उतरू लागला.

साहेबांनी मला हुकूम दिला, धरून आण, हात बांधून आण. मी जागचा हललो नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"हुजूर, त्याला मी माझ्यासाठी धरला होता. मी त्याला आणणार नाही."

पाचव्या माणसाबद्दल साहेब अक्षरही बोलले नाहीत. त्यांना झोंबलं ते 'आणणार नाही'. धारूरला पोचताच माझा अर्दलीचा पट्टा काढून घेतला, नोकरी गेली.

धनगर मेंढ्यांपाशी पोचायच्या आधीच लांडग्यानं दोन मेंढ्या नेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. ते माझ्याच माथी आहे. माझ्या धाडसाचं कौतुक करणाऱ्यांना मी गप्प करतो. धाडस त्या धनगराचं. पण माफी लिहून दे, पट्टा परत मिळेल, असा निरोप साहेबांकडून आला, तेव्हा मी कागदाला हात लावला नाही. माफी मागायची तर ती मेंढ्यांच्या वाड्यावर जाऊन. तिथं मी गेलो. तो माझ्याशी बोलला नाही.

त्यानं बोलावं तरी कशाला?