काचबिंदू पिकत नसतो

सकाळची घाई होती. ह्यांचा डबा भरायचा होता, स्टोव्हवर दूध होतं, शेवटची लाटी पोळपाटावर होती. तेवढ्यात कडी वाजली. दार उघडलं तर माझी थोरली नणंद लंकाअक्का उभी, आणि तिच्यामागे तिचा मुलगा वाल्मीक, खांद्यावर कांद्याची गोणी घेऊन. पिंपळगाव बसवंतहून टेम्पोत बसून दोघं आले होते.

"मामी, चहा टाका," वाल्मीक म्हणाला. "आईचा मोतीबिंदू पिकला. आता काढूनच नेतो."

"काढून नेतो म्हणजे? कांदा आहे का तो?"

अक्का हसली नाही. आत येताना तिचा डावा खांदा चौकटीवर आपटला. लागलं का विचारलं, तर म्हणाली, "रोजचंच हाय."

ही एकोणऐंशी सालची गोष्ट. अक्का तेव्हा पन्नाशीची होती. यजमान लवकर गेले, तेव्हापासून घरची कांदाचाळ तीच पाहायची. बायांबरोबर निवडायला बसली की तिचे हात आपोआप चालायचे, बोट रुतलं की तो सडका कांदा बाजूला. नजर कमी होतेय हे त्यामुळे कामात कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुढे डाव्या बाजूनं आलेलं माणूस तिला दिसेना, तेव्हा शेजारच्या सिंधुबाईनं मोतीबिंदू ठरवून टाकला. सिंधुबाईचा स्वतःचा शिबिरात काढला होता आणि जाड भिंगांचा चष्मा लावून ती आता तांदूळ निवडायची. "कच्चा काढत नाय कोणी. पिकू द्या," तिनं सांगितलं. ते सगळ्यांना पटलं. पातीच्या माना पडल्याशिवाय शेतातला कांदा तरी कोण काढतं? घरातल्यांनी दोन वर्षं वाट पाहिली. दुखत तर काही नव्हतंच.

त्याच दिवशी मी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला आडवं झोपवून डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकले, बुबुळावर वजनाचं छोटंसं यंत्र उभं धरलं आणि काटा पाहिला. मग बॅटरी मारून बराच वेळ आत पाहत राहिले.

"हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे," ते म्हणाले. "डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट तुंबते, आतला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. डावा डोळा गेलाय. उजव्यात मधलं तेवढं उरलंय, नळीतून पाहिल्यासारखं."

"पण आता पिकला ना?" वाल्मीकनं विचारलं.

"काचबिंदू पिकत नसतो. त्याची वाट पाहायची नसते."

अक्काच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. शेजारच्या बाकावरच्या माणसाबद्दल बोलणं चाललंय, अशी ती बसली होती.

आधी थेंब घालून पाहायचं ठरलं. अक्का माझ्याकडेच राहिली. थेंब पडले की तिची भुवई ठणकायची आणि दिवेलागणीला घर अंधारं वाटायचं, भिंत चाचपत ती मोरीपर्यंत जायची. तरी दाब उतरेना. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात इवलंसं झाकण उचलायचं, त्याखालून पाण्याला वाट करून द्यायची आणि झाकण सैलसर टाक्यांनी परत बसवायचं. "न्हाणीला मोरी असते तसं समजा. पण एक ध्यानात घ्या. गेलेली नजर यानं परत येणार नाही. उरलेली राखायची आहे. क्वचित तीही जाते. नाही केलं तर मात्र ती जाणारच."

बाहेर व्हरांड्यात वाल्मीक माझ्यावरच चिडला. "दिसायचं नाय तर चिरायचं कशाला, मामी?"

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "करू दे त्यांना. हाय तेवढं राहू दे."

ऑपरेशनला ती जागीच होती. डोळ्याच्या बाजूनं सुई दिली, त्यानंतर डोळा तिचा राहिलाच नाही म्हणे. "पलीकडच्या खोलीत कोणी पाट सरकवतंय, असं वाटत व्हतं," एवढंच तिनं सांगितलं.

मग जपणूक सुरू झाली. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. कुंथायला लागू नये म्हणून झोपताना इसबगोल. डाव्या डोळ्याला दिसत नव्हतं आणि उजव्यावर पट्टी. मी भरवायचे, वेणी घालायचे. ती बसवलं तिथं बसून राहायची.

"अक्का, दुखतंय का?"

"नाय."

"भीती वाटते?"

"नाय गं. काहीच वाटत नाय."

पट्टी सुटल्याचं कळताच पिंपळगावहून मंडळी आली. मोतीबिंदूची पट्टी सुटते तेव्हा आधी नातवंडाचं तोंड दाखवायचं, अशी त्यांच्याकडे रीत. वाल्मीकनं बायको आणली, पोरगी आणली, नारळ आणि पेढे आणले. सिंधुबाई चष्म्यासकट हजर. मी वाल्मीकला बाजूला घेऊन म्हटलं, "हे तसं नाहीये रे." तो म्हणाला, "मामी, आता एवढे आलेत ना."

सिंधुबाईनं अक्कासमोर हात धरला. "सांग, किती बोटं?"

"तीन."

"बघा! म्या म्हणत नव्हते?"

तीन बोटं तिला ऑपरेशनच्या आधीही दिसत होती. उलट आता थोडं धूसर दिसत होतं, टाके ताजे होते. मग वाल्मीकनं डाव्या बाजूनं बोटं धरली. "आता सांग, आई." अक्का समोरच पाहत राहिली. तिथं हात आहे हेच तिला माहीत नव्हतं. सून पदराला हात पुसत आत गेली. सिंधुबाई म्हणाली, "चष्मा लागला की दिसंल सगळं." पेढे वाटले गेले. नारळ तसाच राहिला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी अक्काची पापणी वर करून मला दाखवलं. वरच्या कडेला पाण्याचा फिकट फुगवटा होता. "मोरी चालू आहे. दाब उतरला. आहे ती नजर टिकेल," ते म्हणाले, खूश होते. धूसरपणाही हळूहळू निवळेल म्हणाले. मी अक्काकडे पाहिलं. तिनं मान हलवली आणि पायानं चपला शोधल्या.

घरी आलो. तिला खुर्चीत बसवून मी पाणी दिलं आणि सांगितलं, वाल्मीकचा निरोप आलाय, रविवारी त्यांच्या गल्लीतली आणखी माणसं तिला भेटायला येणार आहेत.

तिनं पेला रिकामा केला.

"विमल, येऊ दे त्यांना. फक्त मला कोणाला बोटं दाखवू देऊ नको."