पोरासंगं न बोललेलं वरीस

पोरगं दोन वर्साचं झालं तरी तोंडातनं सबुद काडंना, आन् का काडंना ते घरात फकस्त मला ठाव व्हतं. कुनी त्येच्याकडं बगून "बोलत न्हाय का गं अजून" म्हनलं की मी पोराला उचलून आत न्यायची. वाटायचं, आता हिला कळनार, ही सासूला सांगनार, सासू सासऱ्यांना, आन् सासरे विलायतेला पोराच्या बापाला लिवनार. मग ह्ये तितनंच लिवतील, माज्या पोराला मुकं करनारी बाई घरात नको.

मी चौथीपातूर शिकले. चौथीची परीक्षा व्हायच्या आदीच लगीन झालं. माहेर वळसंगाकडं, मेंढरं आन् थोडी जिराईत. तिकडं आमचं निम्मं मराठी, निम्मं कानडी. सासर सोलापूर शहरात, विणकरांच्या गल्लीत. सासरे बी आमच्यातलेच, मेंढरामागनं उठून मास्तर झालेले. त्यांला मी मामा म्हनते आन् सासूला आत्याबाई. मामा शाळंत पुस्तकासारकं बोलायचे, आन् घरात पाय धुताना "पानी दे गं" म्हनायचे. तवा कुनालाच त्यात काय वाटत न्हवतं.

पोरगं तीन म्हैन्याचं पाळन्यात असताना ह्ये विलायतेला गेले. लोकरीचं शिकायला. मेंढरावाल्यांतलं पोरगं लोकर शिकायला बोटीतनं जातंय म्हून सगळी गल्ली हासली, आन् सगळी गल्ली ठेसनावर बी आली. जाताना ह्येंनी ट्रंकंत काळं घोंगडं घातलं. आत्याबाई म्हनल्या, "तितं साह्येबाच्या गावात घोंगडं कोन पांघरतंय?" ह्ये म्हनले, "थंडी काय साह्येबाला इचारून लागती व्हय?"

पत्र आलं की मामा शाळंतनं आल्यावर मोट्यानं वाचायचे. मी भिताडाआड, पोरगं मांडीवर. बायकोला निराळं पत्र लिवायची आमच्यात रीत न्हाय. मामांच्या पत्रातच खाली दोन वळी माज्या असायच्या, त्या बी समद्यांपुडंच वाचायच्या. माजं उत्तर बी तसंच. आदी मी पाटीवर लिवायचं, मामा खडूनं नीट करायचे, हाय चं आहे, न्हाय चं नाही. मग मी ते पातळ कागदावर उतरायचं. म्हंजी मी बोलते ते ह्येंना कदी पोचलंच न्हाय. मास्तरांनी तपासलेलं पोचलं.

पयली पत्रं मज्जेची व्हती. एका म्हातारीच्या घरात ह्येंना खोली मिळाली व्हती. म्हातारी रोज उकडलेलं बटाटं द्यायची, मीठ-मिरची न्हाय काय न्हाय. तिनं घोंगड्यावर हात फिरवला आन् लोकर वळकली, कुटल्या मेंढराची म्हून इचारलं. आत्याबाई लई हासल्या, म्हनल्या, "बाई चांगली हाय, आमच्यातलीच दिसती."

मग एका पत्रात आलं की त्या गावात चार मराठी पोरं शिकायला हायती, शनवारी एकाच्या खोलीवर जमत्यात. मला बरं वाटलं, आपलं मानूस भेटलं म्हून. पर फुडच्या पत्रात मामांचा आवाज बारीक झाला. ती पोरं ह्येंना मुद्दाम बोलायला लावायची. "तुमच्या सोलापूरकडं कसं म्हणतात ते पुन्हा म्हणा की," असं. ह्ये बोलले की चौगं लोळून हासायची. एक जन तर ह्येंच्यासारकं बोलून दाकवायचा, घोंगडं अंगावर घेऊन. ते वाचून मामा थांबले, चष्मा पुसला, आन् फुडं वाचलं, ते माज्या कानात अजून हाय:

"माझ्या मुलावर ही पाळी येऊ नये. घरात त्याच्याशी शुद्धच बोलावे. त्याच्या आईने विशेष काळजी घ्यावी. मूल आईचेच उचलते."

समद्यांनी माज्याकडं बगितलं. पोरगं तवा आठ-नऊ म्हैन्याचं, माज्या बांगड्या चावत व्हतं.

दुसऱ्या दिशीपास्नं मामांनी नेम केला. भाकरी थापताना मी म्हनायचं, "ही भाकरी आहे. हे पाणी आहे." मी म्हनायची, आन् पोरानं चुलीकडं हात नेला की तोंडातनं निगायचं, "आरं सरक तिकडं, भाजंल की." मामा भायेरनं खाकरायचे. आत्याबाईंनी तर दोन दिसात हात टेकले. म्हनल्या, "माजं तोंड आता काय नवं बसवून मिळतंय? तुमचं शुद्द पोरगं तुमीच बोलवा. मी न्हाय घेत त्येला." आन् खरंच त्येला घेईनाशा झाल्या. घेतलं तरी व्हट मिटून घ्यायच्या, रागानं. लई रागीट बाई, पर मनानं चांगली.

मला वाटायचं, जे माज्याकडनं उचलंल ते पोरगं जलमभर अंगावर वागवंल, घोंगड्यासारकं. आन् लोक लोळून हासतील. आन् ह्ये म्हनतील, सांगितलं व्हतं ना. शुद्द येईना, आन् अशुद्द बोलायचं न्हाय. मग मी काय केलं, पोरासंगं बोलायचंच बंद केलं.

कुनाला सांगितलं न्हाय. मोट्या मानसांशी बोलायची, पोरगं जवळ आलं की गप. त्येला बोलवायचं तर टाळी वाजवायची. जेवायचं तर ताट वाजवायचं. नको असलं की मान हालवायची. पोरगं हुशार, समदं शिकलं. तान लागली की तांब्या जिमिनीवर आपटायचं, मी पानी द्यायची. अंगाई म्हनायची न्हाय, कारन माजी अंगाई माज्या अव्वाची, आईची, अर्दी कानडी. निसतं थोपटायची. पोरगं माज्या तोंडाकडं बगत झोपायचं, व्हटाकडं. मी तोंड फिरवायची. पदर दातात धरायची, तोंडातनं काय निगू नये म्हून. सांजच्याला मामा पुस्तक घीऊन बसायचे, "हे घर आहे, हा बैल आहे." पोरगं तीन पानात पेंगायचं.

असं वरीस गेलं. बारा म्हैने झाले, चौदा झाले, गल्लीतली पोरं बोलाय लागली, तेलगूत, मराठीत, समद्यात मिळून. माजं निसतं आपटायचं तांब्या. आत्याबाईंनी वेखंड उगाळून मधातनं जिबंला लावलं. येक बाई म्हनली, जीब जड हाय. येक म्हनली, कान बगा. मी मागनं हळूच टाळी वाजवली, पोरगं गर्रकन वळलं. कान चांगलं व्हतं. मला ते आदीच ठाव व्हतं, तरी मी वाजवून बगितली, कान वाईट निगाला तर माजा गुना न्हाय म्हून. असं माजं मन झालं व्हतं, आता सांगायची बी लाज वाटती.

विलायतेला लिवायचं न्हाय असं मामांनी ठरवलं. "तितं एकला हाय, काळजी करील." पाटीवर मी लिवायची, मुलगा खुशाल आहे. मामा त्यात काय बी दुरुस्ती करायचे न्हाय.

समोरच्या घरात माग व्हता. मागावरल्या बाईचं मूळ गाव लांब तिकडं तेलंगनात, पर ती सोलापुरातच जलमलेली. मला अक्का म्हनायची. पोरगं तिच्या दारात बसून धोटा हिकडनं तिकडं जातो ते बगायचं. येकदा ती मागावरनंच म्हनली, "अक्का, तू ह्येच्यासंगं भांडली काय?"

"कुनासंगं?"

"पोरासंगं. तू बोलत न्हाय. मी रोज बगते की. माज्यासंगं बडबड बडबड, पोरगं आलं की कुलूप."

मी म्हनलं, "तसं न्हाय, माजी बोली चांगली न्हाय." ती हासली. "माजी कुटं चांगली हाय? मी तर तिन्ही भाषा वाकड्या बोलते. पोरं जेवत्यात तरी." आन् परत माग सुरू केला. मी घरला आले, पर धीर झाला न्हाय. दोन दीस परत गपच.

मग ते पत्र आलं. मामा वाचाय लागले, थंडी, परीक्षा, बटाटं, आन् मदीच थांबले. घडी घातली. म्हनले, "बाकी नेहमीचंच." मामा कदी मदीच थांबत न्हाईत. आत्याबाई म्हनल्या, "काय लिवलंय?" "काही नाही म्हटलं ना." पत्र त्येंनी देवाच्या फोटूमागं खोचलं. दुसऱ्या दिशी ते शाळंत गेल्यावर मी काडलं. येक येक अक्षर जोडत वाचलं, कानुसा दाराकडं.

लिवलं व्हतं की इंग्रजी बोलायचं ह्ये म्हातारीपास्नं शिकले, रोज तिच्याचसंगं बोलून. ती गावंढळ इंग्रजी बोलती हे ह्येंना ठाव न्हवतं. वर्गात ह्ये गुर्जींपुडं उठून बोलले तर सगळा वर्ग हासला, गुर्जी बी. लंडनकडची पोरं म्हातारीच्या बोलीला तसंच हासत्यात म्हनं, जसं आपल्याला हासत्यात. "मराठी बोललो तरी हसतात, इंग्रजी बोललो तरी हसतात. आता शनिवारी जात नाही. वर्गात विचारलं तर मान हलवतो. तीन आठवडे झाले, जरुरीपुरते शब्द सोडून मी कोणाशी बोललो नाही. तोंड उघडायची भीती वाटते."

मान हलवतो, ते मी दोनदा वाचलं. खाली जिमिनीवर पोरगं तांब्या आपटत व्हतं.

मी पत्र परत खोचलं का न्हाय ते बी आठवंना. पोराला उचललं आन् बोलाय लागले. काय बोलले ते धड सांगता यायचं न्हाय. आरं माज्या वाघा, तुला पानी पायजे व्हय, घे की, हे बग पानी, हे थंडगार हाय, तुजा बाप तिकडं थंडीत मुका बसलाय, तुजी अव्वा हितं मुकी बसली, आपन कुनाचं काय चोरलंय रं. वळसंगाची मेंढरं सांगितली, कुटलं लंगडं, कुटलं लबाड. कानडी आलं मदी, येऊ दिलं. पोरगं आदी भ्यालं. मग हासलं. मग माज्या तोंडावर हात ठिवला, व्हट हालत्यात ते बोटानं चाचपून बगाय लागलं. मी बोटाआडनं बी बोलतच व्हते.

आत्याबाई मागल्या परड्यातनं आल्या. दारात उभ्या ऱ्हायल्या. मला वाटलं आता संपलं. त्या म्हनल्या, "येवढं पोटात घीऊन बसलीवतीस व्हय गं? बाळंतपनापक्षा जड." आन् पोराला माज्याकडनं हिसकून घेतलं, "आता मला बोलू दे," म्हनल्या.

मामा सांजच्याला आले तवा आमी दोगी बी येकदमच बोलत व्हतो. ते उंबऱ्यात छत्री घीऊन थांबले. मी घाबरून गप झाले. पोरानं माजा पदर वडला, बोल म्हून. मामांनी छत्री खुंटीला लावली, पाय धुतले. त्या सांजच्याला पुस्तक काय निगालं न्हाय.

पोरगं लगीच न्हाय बोललं. वीस-बावीस दीस गेले. मी रोज घाबरून उठायची, लई उशीर तर झाला न्हाय. येका दुपारी मी निसायला तांदूळ घीऊन लांब बसले व्हते. त्येनं आपल्या शेजारी जिमिनीवर हात आपटला, तांब्या आपटायचं तसा, आन् म्हनलं, "हितं." मी हालले न्हाय. परत म्हनलं, "हितं बश." तांदूळ सगळीकडं सांडले. आत्याबाई म्हनल्या, "बापासारका हुकूम सोडतंय मेलं."

त्या आठवड्याच्या पत्राला मामांनी पत्ता लिवला आन् पाकीट खळ लावून चिकटवाय माज्याकडं दिलं. ते कायम माजंच काम. मी चतकोर कागद आत सरकवला. पाटीवर न लिवलेला. जड झालं तर डाकवाला परत धाडंल म्हून कडंनं फाडून अजून बारका केला. लिवलं व्हतं, पोरगं हितं बश म्हनलं. मी वरीसभर त्येच्यासंगं बोलले न्हाय, तुमच्या भ्यानं. माजी चूक झाली. आता बोलते, माजंच बोलते. तुमी बी बोला की, म्हातारीसंगं तरी. मला टाकायचं असंल तर आल्यावर टाका, पर तितं मुकं बसू नगा.

चिकटवलं आन् लगीच वाटलं फाडून काडावं. मामा पाकीट घीऊन गेले. विलायतेचं उत्तर यायला म्हैना-दीड म्हैना लागतो. तेवढे दीस मी धड जेवले न्हाय. डाकवाला गल्लीत शिरला की मी मागल्या दारी जायची.

पत्र आलं. मामांनी उघडलं तर आत निराळी घडी, वर लिवलेलं, "तिला द्यावे." मामांनी ती घडी हातात धरली. लई येळ धरली. मग न उघडता भिताडाआड हात करून मला दिली, आन् बाकीचं मोट्यानं वाचत बसले, जरा जास्तच मोट्यानं.

मी ती परड्यात वाचली. अक्षर ह्येंचंच, पर बोली घरातली, जाताना ठेसनावर व्हती ती. टाकायबिकायचं काय बी लिवलं न्हवतं. लिवलं व्हतं:

"तुजी चिट्टी दार लावून मोट्यानं वाचली. धा बारा येळा वाचली, बोलल्यासारकी. म्हातारी जिना चढून वर आली, दार ठोकलं, म्हनली, कुनासंगं बोलताय, कोन आलंय? मी म्हनलं, घरचं मानूस आलंय. ती खाली गेली आन् परत आली तर ट्रेमदी दोन कप चा. मी दोनी पेलो. कागद बारका पडला, फुडल्या येळंला मोटा घे."