आईच्या नावाची रजा

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात हजेरी-रजा बघते, तिथं रजेचे कागद बंद झाले आणि सगळं क्लाउडवर गेलं. क्लाउड म्हणजे काय, हे मला आजही धड सांगता येणार नाही. लांब कुठंतरी कुणाच्या तरी मशीनवर आपली हजेरी, एवढंच. पण ते नीट चालतं का हे तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर मॅडमला सवय आहे. कसली सवय, डोंबलाची!

खोट्या रजेचे तेच तेच अर्ज भरायचे, पाठवायचे, नामंजूर करायचे, पुन्हा भरायचे. डोळे चुरचुरायचे, मान आखडायची. तिकडं गंगापूरला आई खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलेली. भावजय करत होती सगळं, पण मला जायचं होतं. नुसतं उशाशी बसायचं होतं. साहेबांकडं रजा मागितली की एकच उत्तर, "टेस्टिंग संपू द्या ताई, मग जा की खुशाल." टेस्टिंग काही संपेना.

तपासायची शेवटी राहिली ती दुःखाची रजा. घरातलं कुणी गेलं की मिळते ती. आता गेलं कोण, हे निवडल्याशिवाय पुढं सरकतच नाही. आणि आमच्या ऑफिसात आपलं माणूस द्यायला कुणी तयार होईना. आजारपणाला, लग्नाला सगळ्यांनी हौसेनं नावं दिली होती. इथं मात्र शेजारच्या खुर्चीवरची म्हणाली, "अशुभ बोलू नको बाई, माझी सासू खडखडीत आहे." स्टोअरमधले चाचा लांबूनच हात हलवत, "मॅडम, हमारे अब्बा कू मत मारो!" मग मी माझे वडील घातले. ते जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांना आता काय होणार? पण एकदा मंजूर झाल्यावर पुढच्या चाचणीला ते परत चालेनात. माणूस दोनदा कसा मरेल, एवढं त्या सॉफ्टवेअरला बरोबर कळत होतं. साहेब म्हणाले, "आई बाकी आहे, आई टाका."

माझा हात काही चालेना. संध्याकाळी फोनवर आईलाच सांगितलं, तर ती हसत सुटली. "टाक की गं. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. माझी तर अजून कुणी उठवलीच नाय."

दुसऱ्या दिवशी चाचणीसाठी ठेवलेला वेगळा भाग उघडेचना. साहेब म्हणाले, खऱ्यातच टाका, लगेच रद्द करू. टाकलं. त्यांनी तिकडून मंजूर केलं आणि साऱ्या कारखान्याचे मोबाइल एकदम वाजले. वर माझं नाव, खाली: 'आपल्या सहकाऱ्याच्या मातोश्रींचं निधन. आम्ही दुःखात सहभागी आहोत.' हा संदेश आपोआप जातो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. चाचा धावत आले, डोळे भरलेले. शेजारची माझ्या गळ्यात पडली. "अहो, आई चांगली आहे माझी," सांगून सांगून घसा बसला, आणि मग मलाच रडू फुटलं. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, ते थांबेचना.

साहेब रद्दचं बटण शोधत राहिले. मंजूर झालेली दुःखाची रजा रद्द करायची सोयच कुणी ठेवली नव्हती. कोण कशाला ठेवेल? रजेवरच्या माणसाला गेट उघडत नाही, हे तर मीच तपासून दिलं होतं. कपाळ चोळत ते म्हणाले, "जा ताई. उद्यापासून तुम्हाला आत घेता येणार नाही."

गंगापूरच्या जीपमध्ये मी बसल्या बसल्या झोपले. घरी पोचले तर आई उशीला टेकून चहा पीत होती. सगळं ऐकून ती खो खो हसली, खुबा दुखला तशी थांबली. मग तिनं माझा हात हातात घेतला.

"म्हणजे मी मेले तवा कुठं तुला सुट्टी मिळाली, व्हय गं?"