मेश्रामसरांनी केलेलं पान

श्री. शरद मेश्राम यांची आणि माझी ओळख नोएडाच्या आमच्या कार्यालयात झाली आणि त्याच दिवशी मला त्यांचा हेवा वाटला. गौरवग्रंथात असं लिहायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण संपादकांनीच ‘मोकळेपणाने लिहा’ असं सांगितलं, तेव्हा आता त्यांनी तक्रार करू नये.

त्या दिवशी मी एका वेबसाइटचं पहिलं पान सगळ्यांना दाखवत होते. सरकती चित्रं, उलगडणारे मेनू, सगळं त्यात होतं. साहेबसुद्धा “वाह, क्या बात है” म्हणाले. मेश्रामसरांनी खिशातून काच तडकलेला जुना फोन काढला आणि तेच पान त्यावर उघडायला घेतलं. ते उघडेपर्यंत आमचा चहा पिऊन झाला.

“छान आहे, मॅडम. फक्त बऱ्याच लोकांकडे असे फोन असतात,” सर नम्रपणे म्हणाले. ते नम्रपणे म्हणाले, याचाच मला जास्त राग आला.

चौकटींची वही, पेन्सिल, साधासा कोड एडिटर आणि तो फोन, एवढीच सरांची हत्यारं. नवं काही आलं की आम्ही त्यामागे धावत सुटायचो. सर आधी विचारायचे, यानं पान हलकं होणार की जड? कुठलाही अर्ज तयार झाला की मेट्रोत उभ्यानं, एका हातानं वरची कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ते तो भरून बघत. यमुना बँक स्टेशन येईपर्यंत भरून झाला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्यातले प्रश्न कमी होत. त्यांचं वाचनही जगावेगळं. रविवारच्या बाजारातून ते रेल्वेची जुनी वेळापत्रकं आणत. “एवढी माहिती एका पानावर मावते आणि माणूस हरवत नाही, बघा,” असं कौतुकानं सांगत. मीही गुपचूप दोन वेळापत्रकं विकत आणली. मला त्यांत फक्त गाड्या दिसल्या.

इथपर्यंत ठीक होतं. मग बाबा माझ्याकडे राहायला आले.

माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आता नजर अधू झाली आहे. आमच्या सोसायटीचं तक्रारींचं पान मी केलं होतं, फिकट राखाडी अक्षरांचं, फार देखणं. बाबांना त्यावर बटणच सापडेना. “राहू दे गं, माझेच डोळे गेलेत,” ते म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी पेन्शनचा पत्ता बदलण्याचा अर्ज कुणाच्याही मदतीशिवाय भरला. ते पान मेश्रामसरांचं होतं.

“मंजू, बिल्कुल म्हाताऱ्या माणसाचा विचार केलाय यात. कुणी केलं हे?”

“आमच्याच ऑफिसनं.”

“म्हणजे तू?”

मी “हो” म्हणाले.

तेव्हापासून बाबा हे पार्कात सांगतात, मंडळात सांगतात, भाजीवाल्याला हिंदीतून सांगतात. एकदा मेश्रामसर घरी चहाला आले, तर त्यांनाही ते पान उघडून दाखवलं, कुठे काय दाबायचं तेही समजावलं. मी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होते. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “हो काका, मॅडमचं काम पक्कं असतं.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात किंवा त्यानंतर कधीही त्यांनी हा विषय काढला नाही. एखाद्यानं टोमणा मारला तर निदान भांडता येतं. त्यांच्या कामाचा मला हेवा होताच, त्या दिवसापासून त्यांच्या मनाचाही वाटू लागला आणि तो अधिक जाचतो.

सर साठ वर्षांचे होत आहेत. समारंभाला बाबा पहिल्या रांगेत असतील आणि हा ग्रंथ मलाच वाचून दाखवायला सांगतील. म्हणून काल इथवरचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला.

बाबा म्हणाले, “म्हणजे मी त्यांचंच काम त्यांना समजावून सांगत होतो? आणि ते ऐकत राहिले?”

“हो.”

“त्यांना जेवायला बोलाव. आणि या वेळी दारात उभी राहू नकोस, समोर बस.”

मेश्रामसरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि त्यांचा अंगठा असाच शाबूत राहो. येत्या रविवारी ते आमच्याकडे जेवायला येत आहेत. बाबा त्या पानाचं पुन्हा पहिल्यापासून कौतुक करतील, या वेळी ज्याचं त्याला. मी समोर बसून ते शेवटपर्यंत ऐकणार आहे. हेवा वाटेल, बिल्कुल वाटेल.