काइँला दाजू आणि यांगजीच्या गाडीचा दिवा

काइँला दाजू कामाच्या वेळी झोपा काढतात, असं डोंगरावरच्या आमच्या घूम गावच्या बाजारात कुणीही सांगेल. सांगणाऱ्याने आपली मोटरसायकल कधी त्यांच्याकडे दिलेली नसते. माझं मोमोचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून, मध्ये फक्त एक पत्रा. ते कधी झोपतात आणि कधी नाही, ते मला विचारा.

काइँला म्हणजे चौथा, दाजू म्हणजे मोठा भाऊ. वरचे तिघे भाऊ कधीच खाली सपाटीवर उतरून गेले, हे एकटे इथे धुक्यात राहिले. खरं नाव त्यांना स्वतःला तरी आठवतं की नाही, देव जाणे. गाडी आली की ते पाना हातात घेत नाहीत. इंजिन चालू करतात, स्टुलावर बसतात, टाकीवर तळहात ठेवतात आणि डोळे मिटतात. मग दारातून धुकं आत येतं, टायरांमधून फिरतं, दाजूंच्या मांडीवर बसतं. बाहेरून बघणाऱ्याला गॅरेज दिसत नाही, नुसती धडधड ऐकू येते.

"दाजू, झोपलात का?" मी पत्र्यावर थाप मारते.

"नाही गं बैनी. करंटच्या मागे मागे चाललोय."

ते म्हणतात, करंट कॉइलमधून निघतो तेव्हा ताजातवाना असतो. वाटेत जोड लागतात, गंजलेली टोकं लागतात, कुठे कुणी उगाच जोडलेली वायर त्याला दुसऱ्याच घरी घेऊन जाते. दाजू त्याच्याबरोबर चालत राहतात, तो कुठे बसला ते बघून येतात आणि मग उठून बरोबर तिथलीच टेप सोलतात. "डोळे उघडे ठेवले की नुसत्या वायरी दिसतात," असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना वेडा म्हातारा म्हणते. तेही हसतात, चहा मागतात.

मी पडले फटकळ. मनात आलं की तोंडातून निघालंच. दाजू मात्र एखाद्याला त्याच्या गाडीत नट कमी आहे हे सांगतानाही त्याचं मन दुखावणार नाही ना, याचा विचार करतात. आमचं जमतं ते त्यामुळेच असेल.

तर यांगजी. सेंचलच्या डोंगरवाटेवरच्या वस्तीतून मोटरसायकलला दुधाचे कॅन बांधून रोज सकाळी बाजारात येणारी. गाडी तिच्या नवऱ्याची, ग्याल्बोची. दोन वर्षांपूर्वी एका वळणावर भर धुक्यात गाडीचा दिवा गेला आणि ग्याल्बो दरीत कोसळला. गाडी वरच बांबूत अडकून राहिली, साधा आरसाही फुटला नाही. तेव्हा मी त्या गाडीला इतक्या शिव्या घातल्या की दाजूंनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. यांगजीने मात्र ती विकली नाही. दूध कोण नेणार? घरात ती आणि सासू, दिकी आमा, बाकी दोन गाई.

आता तोच दिवा पुन्हा जायला लागला होता.

"समोरून ट्रक आला," यांगजी माझ्या बाकावर बसून सांगत होती. "माझा दिवा गेलेला. त्याने मला पाहिलंच नाही, दिदी. हॉर्न वाजवत राहिले म्हणून वाचले. आमा म्हणते, आणखी एकदा दिवा गेला तर रविवारी गाडी विकायची. सुखिया गावचा एक माणूस बघून गेलाय."

"मग विक. जीवापेक्षा मोठी आहे का?"

"आणि मी काय करू? बंगळूरला जाऊन पार्लरमध्ये लोकांच्या भुवया कोरू? आमाला कुणाजवळ ठेवू?"

मी तिच्यापुढे गरम थुक्प्याचा वाडगा आदळला आणि म्हटलं, "आधी खा."

सगळ्यांनी दोष दिला तो ग्याल्बोने सिलिगुडीहून आणून बसवलेल्या दोन मोठ्या पांढऱ्या दिव्यांना. दाजूंनाही आधी तेच वाटलं. ग्याल्बोने त्या दिव्यांची वायर सरळ हेडलाइटच्या वायरीत पिळून वर टेप गुंडाळली होती. दाजूंनी ते सगळं सोडवलं. दिव्यांना बॅटरीपासून वेगळी वायर दिली, तिला फ्यूज लावला, मध्ये रिलेचा खटका बसवला, फ्रेमचा रंग खरवडून अर्थिंग नवं केलं. व्होल्ट मोजायचं मीटर लावलं. इंजिन चालू केल्यावर आकडा चौदाच्या वर गेला, म्हणजे बॅटरी छान भरत होती. यांगजी हसत गेली.

दुसऱ्या दिवशी ती गाडी ढकलत आली. दिवा मेलेला.

दाजूंनी कॉइल तपासली, चांगली. दुसरी बॅटरी लावून बघितली, तेच. गॅरेजमध्ये उभी असली की त्या गाडीसारखी निरोगी गाडी नाही, आणि चढाला लागली की तिचा जीव जातो. मी म्हटलं, "दाजू, ही तर तुमच्या उलट आहे. तुम्ही इथे झोपता, ही बाहेर जाऊन झोपते."

ते हसले नाहीत. डोळे मिटून बसले ते बसलेच. मी ठेवलेला चहा गार झाला, त्यावर साय धरली. धुकं इतकं आत आलं की पत्र्यावरून थेंब पडायला लागले. शेवटी डोळे न उघडताच म्हणाले, "इथे मला ती वाट दिसतच नाही. इथे ती उभी असते ना. चालताना बघायला हवी."

आणि मीटर टाकीला टेपने चिकटवून, चष्मा पुसून, हा माणूस यांगजीच्या मागे बसला. भर दुपारी दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. दोघं पांढऱ्यात शिरली, आधी मागचा लाल दिवा विरला, मग आवाज विरला. मी मोमो वळत राहिले, पण किती वळले आणि कसे वळले, ते विचारू नका.

परत आले तेव्हा दाजू उजव्या हाताची बोटं तोंडात धरून होते.

"भाजलात?"

"वर जाताना आकडा खाली खाली आला. बाराच्या खाली गेला. मग मी उतरून एकेका गोष्टीला हात लावत गेलो," ते म्हणाले आणि गाडीपुढे उकिडवे बसले. "हे बघ."

हेडलाइटच्या खाली, गाडीच्या मानेला रेग्युलेटर असतो, छोटी डबी, पत्र्याच्या दात्यांची. तिथे खादे बांधलेले होते. आपण शुभकार्याला गळ्यात घालतो ते उपरण्यासारखे पांढरे रेशमी खादे, एकावर एक, एकावर एक. थंडीतल्या बाळाला गुंडाळावं तसा तो रेग्युलेटर आत बसला होता. इथे गाडीगाडीला खादा असतो, म्हणून कुणाची नजर तिथे अडकलीच नव्हती.

"कॉइलमधून येणारा करंट हा मापात बॅटरीला देतो," दाजू म्हणाले, "आणि जास्तीचा स्वतःच गरम होऊन जिरवतो. त्याला वारा हवा असतो. कोंडला की तापतो, फार तापला की काम सोडतो. मग दिवे बॅटरीच पिऊन टाकतात. इथे येईपर्यंत तो गार होतो, आणि मी खुळ्यासारखा कॉइल तपासतो."

"आमा बांधते," यांगजी म्हणाली. "दर वेळी दिवा गेला की नवा एक. मठातून लामांकडून आणते."

मला इतकं हसू आलं! "अगं बाई! म्हणजे दिवा गेला की खादा, आणि खादा बांधला की दिवा जातो! म्हातारीनेच गाडीचा गळा आवळलाय. थांब, आत्ता जाऊन सांगते तिला." यांगजीही हसायला लागली, किती दिवसांनी.

दाजू हसत नव्हते. ते एकेक घडी बोटाने उचलत तळाशी पोचले होते. सगळ्यात आतला खादा तेलाने काळा पडला होता.

"यांगजी, हा कधीचा?"

"तो ग्याल्बोच्या वेळचा," ती म्हणाली. "शेवटच्या लोसारला आमाने..."

ग्याल्बो गेला तो त्याच लोसारच्या, नव्या वर्षाच्या सणानंतर.

यांगजी पायरीवर बसली. तिने विचारलं, "एका खाद्याने तापतं का, दाजू?"

"नसावं."

"नसावं म्हणजे?"

"मला माहीत नाही गं पोरी. आता कुणालाच कळायचं नाही."

ती झटक्यात उठली, खाद्यांना हात घातला. दाजूंनी तिचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचा हात असा धरलेला मी पाहिला नव्हता. "काढलेस तर आमा का म्हणून विचारेल. उत्तर मिळालं की ती मागे मोजत ग्याल्बोपर्यंत जाईल. नको." मग माझ्याकडे वळले. "आणि बैनी, तू तर एक अक्षर बोलायचं नाहीस."

एरवी मला कुणी असं सांगितलं असतं तर मी पातेलं फेकून मारलं असतं. मी नुसती मान हलवली. त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला, हे आज सांगून टाकते.

खादे त्यांनी हलवलेच नाहीत. हलवला तो रेग्युलेटर. जुन्या पत्र्याची पट्टी वाकवून त्याला खाली इंजिनाच्या पुढ्यात बसवला, जिथे वारा थेट छातीवर येतो. वायरी वाढवल्या, जोडांना कथलाचा डाग दिला. मग यांगजी एकटी सेंचलपर्यंत जाऊन आली. धुक्यातून आधी दोन पांढरे गोळे तरंगत आले, मग त्यांच्यामागे ती. आकडा वाटभर चौदावरून ढळला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी सुखियाचा माणूस यायच्या आधी दिकी आमा काठी टेकत आली. पदराखालून नवा खादा काढला आणि गाडीच्या मानेला, बाकीच्यांवर, बांधायला लागली.

"आता दिवा जात नाही म्हणते यांगजी."

"नाही जात, आमा," दाजू म्हणाले.

"काय झालं होतं?"

"वायर खराब होती."

"वायर म्हणे!" म्हातारी खुशीत हसली. "तुम्ही वायरी बघत बसा. मी बांधत गेले म्हणून पोर वाचली. त्या सुखियाच्या माणसाला पाठवा परत, गाडी विकायची नाही आता." मग तिचे हात गाठीवरच थांबले. "माझ्या लेकाच्या वेळी मी एकच बांधला होता. कमी पडला." तिने माझ्याकडे पाहिलं. "कमीच पडला ना गं?"

दाजू माझ्याकडे बघत होते. यांगजी जमिनीकडे.

"हो, आमा," मी म्हटलं. "एकाने काय होतंय?"

आमाने मान हलवली आणि गाठ आणखी घट्ट ओढली.