सचोटीचे शंभर गुण आणि कान्होजीचा रुपया

बुधवार, १७ ऑक्टोबर १९५६. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. शिंदे की छावनीतल्या एका कचेरीत हेडक्लार्क रघुनाथराव मोघे तिसऱ्यांदा शून्याला शून्याने भागत होते. उत्तर येत नव्हतं.

कचेरी जुन्या संस्थानाच्या तंबू-कनातींची. दरबार होता तेव्हा चारशे तंबूंची नोंद होती. संस्थान मध्यभारतात विलीन झालं तेव्हा एकशे दहा उरले. आता चौदा, त्यांतले नऊ उंदरांनी खाल्लेले. पहिल्या नोव्हेंबरला मध्यभारतही नव्या मध्यप्रदेशात विरणार होता आणि राजधानी भोपाळला जाणार होती. कोणती कचेरी ठेवायची हे ठरवण्यासाठी वरून सचोटीचा तक्ता आला होता. वर्षभरात लाच किती वेळा देऊ केली गेली, किती वेळा नाकारली. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं, शंभराने गुणायचं. गुण नसतील ती कचेरी यादीत नाही, आणि यादीत नसलेल्या कचेरीची माणसं फाजील. रघुनाथरावांच्या पेन्शनला चार वर्षं बाकी होती.

सव्वीस वर्षांत त्यांना कोणी लाच देऊ केली नव्हती. फाटक्या तंबूसाठी कोण देणार?

"लिहून टाका ना एखादी," शिपाई कान्होजी म्हणाला.

"सचोटीच्या तक्त्यात खोटी लाच?"

"मग बसू दोघं घरी, हरी हरी करत!"

रघुनाथराव वही चाळत राहिले आणि दसऱ्याच्या पानावर थांबले. दरबार गेला, तरी एक रीत कचेरीत टिकली होती. दसऱ्याला हाताखालच्या माणसाने रुमालावर रुपया ठेवून वरिष्ठापुढे धरायचा, वरिष्ठाने त्याला बोट लावायचं आणि परत करायचा. याला नजर म्हणत. बाकीचे कारकून बदलून गेल्यामुळे यंदा नजर एकट्या कान्होजीने केली होती. वहीत नोंद होती: 'एक रुपया. पेश झाला, परत केला.'

देऊ केली एक, नाकारली एक. शंभर. रघुनाथरावांनी शाई टिपून घेतली.

साडेअकराला इंदूरचे तपासणी अधिकारी महिपतराव आले. तक्ता पाहून ते खुर्चीत ताठ झाले.

"पूरे शंभर! आजवर चाळीसच्या वर कोणी गेलं नाही. लाच दिली कोणी?"

कान्होजी चहा घेऊन उभा होता. "मीच, हुजूर."

"कशासाठी?"

"दसरा होता म्हणून."

"आधीही दिली होतीस?"

"दर वर्षी देतो. हे घेतच नाहीत."

"म्हणजे सराईत आहे हा!" महिपतरावांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "देणाऱ्यावर कारवाई. हा रिकामा कसा? कारवाई नसेल तर शंभराचं शून्य होतं. याला आजच निलंबित करा."

कान्होजीने चहा टेबलावर ठेवून दिला. रघुनाथरावांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. रीत समजावून सांगितली तर ती लाच नव्हती असं ठरणार, आणि पुन्हा शून्याला शून्याने भागावं लागणार. नाही सांगितली तर कान्होजी जाणार.

"साहेब," ते सावकाश म्हणाले, "यादी केव्हा बंद होते?"

"एकतीस तारखेला. तोवर गुण टिकले पाहिजेत."

"मग याला काढलं तर तोवर लाच देणार कोण? इथे दुसरं कोणी फिरकत नाही."

महिपतरावांनी पेन खाली ठेवलं. खिडकीतून चौदा तंबूंकडे पाहिलं. मुद्दा बिनतोड होता.

"ठीक आहे. निलंबन नको, लेखी ताकीद द्या. पण गुण एकाच दाखल्यावर नकोत. याने रोज एकदा देऊ करायची, तुम्ही नाकारायची, नाकारली की ताकीद. वेळेसकट नोंद हवी."

"रोज रुपया कुठून आणू, हुजूर?" कान्होजीने विचारलं.

"तोच आण. परत मिळतोच की!"

महिपतराव मुरारच्या तपासणीला निघून गेले. कान्होजीने गार झालेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

"ताकिदीवर अंगठा चालेल ना?"

"चालेल. पण रुमाल धुऊन आण."

महिनाअखेरपर्यंतचे रविवार वगळून बारा दिवस उरत होते. रघुनाथरावांनी बारा ताकिदी सायंकाळपर्यंत लिहून काढल्या. पहिलीवर तारीख आहे गुरुवार, १८ ऑक्टोबर, वेळ सकाळी साडेदहा.