आप्पांच्या गाडीचा पिवळा दिवा

शिरूरला माझं गाड्यांचं गॅरेज आहे. एकदा वडगाव रासाईचे एक आप्पा डिझेल गाडी घेऊन आले. इंजिनाचा पिवळा दिवा विझत नव्हता. स्कॅनर लावला तर दोष ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेत निघाला. मी तिचा व्हॉल्व्ह काढून काजळी साफ केली आणि दिवा घालवला. आप्पा न्हावऱ्यापर्यंत जाऊन परत आले, दिवा पुन्हा लागलेला! मग वायरिंग तपासलं, सेन्सर बदलून पाहिला. व्हॉल्व्ह नीट उघडत होता, तरी स्कॅनरवर तेच, धूर पोचत नाही. माझं डोकं फिरायची वेळ आली. शेवटी वैतागून व्हॉल्व्हच्या मागचा पाइप खोलला, तर जोडात धुराची वाट बंद करणारा गोल कापलेला पत्रा बसवलेला.

"आप्पा, हा पत्रा कुणी घातला?"

"म्याच घालून घेतला दौंडात. त्यानं ॲव्हरेज वाढतं म्हनं."

"अहो, मग आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही कुठं इचारलं?"

मी पत्रा काढला आणि दिवा गेला. आप्पांनी हात पुढे केला.

"त्यो द्या हिकडं," म्हणाले, आणि पुसून खिशात ठेवला.